उणे एकशे चार

उणे १०९. शोरूमच्या आत.

टायरचं शोरूम बंद पडून दोन वर्षं झाली होती, पण रांग लागली ती आता. सकाळी आठलाच माणसं शटरपुढे उभी. प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि पिशवीत एक न धुतलेला कपडा. कुणाच्या मुलाचा शर्ट, कुणाच्या बहिणीची ओढणी, एका म्हाताऱ्याकडे तर नुसता एक मोजा. धुतलेला कपडा चालत नाही, हे आधीच फोनवर बजावलेलं असे. धुण्यात लहर जाते.

लहर ओळखणारा माणूस आत बसलेला होता. त्याला सगळे बुवा म्हणत, जरी तो कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात विमा विकायला आल्यासारखा दिसे. गळ्यात कापडी पाकीट, पाकिटात फोन. हरवलेला माणूस किती लांब आहे ते हा फोन सांगतो, अशी त्याची ख्याती. चार गावांपलीकडून लोक येत होते.

"शरीरात पाणी किती? सत्तर टक्के," बुवा सांगत होता. "पाण्यात काय असतं? लहर. सॅटेलाइट काय पकडतं? लहर. मग शंका राहिली कुठे?"

शंका राहायला जागा नव्हती, कारण तिन्ही वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

मीटर रांगेत ताईच्या मागे उभा होता. मीटर हे त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी तो घर ते शाळा पावलं मोजत जायचा, तेव्हा ताईनेच ते ठेवलेलं. पुढे नोकरीही तसलीच मिळाली. मोबाइल कंपनीच्या गाडीत चार फोन टांगायचे, रस्तोरस्ती फिरायचं आणि कुठे सिग्नल किती ते मोजायचं. म्हणूनच बुवाने पाकिटातून फोन काढला आणि त्याच्या पडद्यावरचा आकडा मीटरला दिसला, तेव्हा तो मान पुढे काढून बघू लागला. तो आकडा त्याच्या रोजच्या ओळखीचा होता. कुठल्याही फोनवर चार-दोन बटणं दाबली की दिसणारा. त्या जागी टॉवरचा आवाज किती मोठा पोचतोय, एवढंच तो सांगतो, आणि तेही नेहमी उण्यात. उणे पन्नास म्हणजे टॉवर कानाशी ओरडतोय. उणे एकशे दहा म्हणजे भिंतीपलीकडून कुजबुजतोय. त्यात कुणाचा नवरा नसतो.

ताईचा नंबर आला. तिला अगदी मागे, टायरच्या रिकाम्या लोखंडी मांडण्यांना टेकलेल्या खुर्चीत बसवलं. भाऊजींचा शर्ट टेबलावर पसरून बुवाने त्यावर फोन ठेवला.

"उणे एकशे नऊ," तो हळू म्हणाला. "लांब आहेत. पण आहेत. गेलेल्याचा आकडाच येत नाही, पाटी कोरी येते. आता फोन दोन्ही मुठींत धरा आणि मनातल्या मनात हाक मारा त्यांना."

ताईने मारली असणार. तिचे ओठ हलत होते. मग बुवाने फोन तिच्या मुठींतून काढून दोन बोटांच्या चिमटीत धरला आणि जणू तो फोनच त्याला ओढत नेतोय अशी पावलं टाकत पुढच्या काचेपाशी गेला. उणे एकशे तीन. उणे नव्व्याण्णव. उणे पंचाण्णव.

"ऐकलं त्यांनी. चौदा घरं अलीकडे आले. एक घर म्हणजे दोन किलोमीटर."

मागे कुणीतरी ओठांतल्या ओठांत हिशेब केला. ताई खुर्चीत बसलेली असताना भाऊजी अठ्ठावीस किलोमीटर चालून आले होते, आणि हसावंसं एकालाही वाटत नव्हतं. ताई रडली. चाळीस दिवस ती रडत होतीच, पण हे रडणं निराळं होतं. बुवा काचेच्या दारातून बाहेर पडला, रस्त्यावर डावीकडे गेला, उजवीकडे गेला आणि येऊन म्हणाला, "पूर्व."

लोखंडापासून काचेपर्यंत गेलं की सिग्नल वाढतो, मुठीतून सोडलं की वाढतो. हे तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण मीटरला बोलायला तोंडच नव्हतं.

उणे १०४. कापडाच्या टेबलावर.

तोंड का नव्हतं, त्याची ही हकिकत.

भाऊजी शिंपी होते. बसस्टँडमागे त्यांचा गाळा. चाळीस दिवसांपूर्वी संध्याकाळी ते एका गिऱ्हाइकाचा दुरुस्त केलेला कोट पोचवायला वसाहतीकडे चालत निघाले आणि पोचले नाहीत. ताईने फोन लावला. वाजला, उचलला नाही. रात्रभर वाजला. दुसऱ्या दिवशीही वाजत राहिला आणि मग बंद झाला. चौकीवरच्या साहेबाने यातून अर्थ काढला तो असा की फोन वाजतोय आणि माणूस उचलत नाही, म्हणजे त्याला उचलायचा नाही. असे पुष्कळ जातात, येतील.

तेव्हा मीटर कामाला लागला. ऑफिसात त्याचा एक सोबती होता, त्याला सगळे चष्मा म्हणत. टॉवरच्या नोंदी त्याच्या हाताखाली. त्याने शेवटची ओळ वाचून दाखवली. पाण्याच्या टाकीवरचा टॉवर, गावाबाहेर तोंड असलेली बाजू, सिग्नल उणे एकशे चार. मीटरला तेवढं पुरे होतं. टॉवर किती जोराने ओरडतो ते त्याला ठाऊक. उघड्या रानात तो आवाज कुठे किती उरतो, याचं सूत्र त्याला पाठ. गाळ्यातल्या कटिंगच्या टेबलावर त्याने नकाशा पसरला, भाऊजींच्याच खडूने त्यावर कमान काढली आणि बाजूला लिहिलं, दोन पूर्णांक तीन किलोमीटर.

दशांश चिन्हामागचा तो तीन सगळ्यांना फार आवडला. साहेबालाही. अंदाजाने बोलणाऱ्या नातेवाइकांची त्याला सवय होती. पूर्णांक-अपूर्णांकात बोलणारा पहिलाच भेटला होता. साठ माणसं त्या कमानीवर पांगली. अकरा दिवस झुडपं, नाले, ओसाड शेडी पालथ्या घातल्या. मीटर सगळ्यात पुढे. कुणी म्हणालं की जरा अलीकडेही बघू या का, तर तो म्हणे, गणित चुकत नाही.

अकराव्या दिवशी साहेबाने नकाशाची घडी घातली. बाराव्या दिवशी ताईने बुवाचं नाव ऐकलं. एका आकड्याने तोंडघशी पाडलं म्हणून ती दुसऱ्या आकड्याकडे गेली, आणि त्या आकड्यात निदान नवरा जिवंत होता.

उणे ७१, उणे ८८, उणे १०४. पंधरा पावलांत.

शोरूममधून बाहेर पडल्यावर मीटर कामाच्या फेरीवर गेला. टाकीच्या मागच्या अंगाला दगडाची जुनी खाण आहे. क्रशर बंद, कुंपण तुटलेलं, वसाहतीकडे जायची चोरवाट तिच्या काठाने जाते. गाडीतून उतरून पाय मोकळे करताना एक फोन त्याच्या हातातच राहिला होता. काठावर उणे एकाहत्तर. टॉवर समोर, हाक मारली तर पोचेल इतका जवळ. मीटर काठावरून उतरत्या वाटेने चार पावलं खाली गेला. उणे अठ्ठ्याऐंशी. अजून काही पावलं, आणि दगडाची कड डोक्याच्या वर आली. टॉवर दिसेनासा झाला.

उणे एकशे चार.

तो तिथेच खाली बसला. गणित चुकलं नव्हतं. त्याने उघडं रान धरलं होतं आणि इथे मध्ये दगड होता. आवाज क्षीण येतो तो माणूस लांब आहे म्हणून, किंवा तो दाराआड आहे म्हणून. आकड्याला यातलं काही कळत नाही. मीटरला ते कळायला हवं होतं. पगार त्याचाच मिळत होता.

त्याने चष्म्याला फोन लावला आणि दुसरा आकडा मागितला. टॉवर आणि फोन यांच्यात लहरीची ये-जा किती वेळात होते, त्यावरून टॉवर फोनला सांगत असतो की तुझं उत्तर इतकं आधी पाठव. या वेळेची नोंद पायऱ्यांत होते. एक पायरी म्हणजे साधारण अठ्ठ्याहत्तर मीटर. दगड मध्ये आला तर लहर दुबळी होते, कुठे आपटून वळसा घेत येते, म्हणजे वाट वाढेल. पण वाट कमी होणार नाही. म्हणून सिग्नलच्या जोरावरून काढलेलं अंतर कितीही खोटं निघू शकतं, आणि वेळेवरून काढलेल्या अंतराच्या फार पलीकडे माणूस असू शकत नाही.

चष्म्याला जुन्या नोंदी उकरायला दोन दिवस लागले. "पाच," तो म्हणाला.

"पाच म्हणजे चारशे मीटरच्या आत," मीटर म्हणाला.

"तू तेव्हा मागितला नाहीस."

"तूही दिला नाहीस."

खाणीच्या कुंपणावर नवा फलक लागला होता. येत्या सोमवारपासून खाण राडारोड्याने भरून घेण्यात येईल. राखणदाराने सांगितलं की पोलीस एकदा येऊन काठावरून बघून गेले होते. वास येत होता खरा, पण इथे कुत्री पडतच असतात.

अर्ज

हरवलेल्या व्यक्तीशी अर्जदाराचं नातं: *पत्नी. (मेहुण्याची सही चालत नाही, चौकशी केली.)*

विनंती: *खाण भरण्याचं काम थांबवून दोरांच्या साहाय्याने आत माणसं उतरवावीत.*

व्यक्ती तेथे असावी असे वाटण्याचे कारण: *सिग्नलच्या* (खोडलं) *गणितानुसार* (खोडलं) *वसाहतीची चोरवाट काठाने जाते, आणि फोन टॉवरपासून चारशे मीटरच्या आत होता.*

व्यक्ती जिवंत असण्याची शक्यता:

अर्जदाराची सही:

शेवटच्या दोन जागा कोऱ्या ठेवून मीटर गुरुवारी ताईकडे गेला. ती भाऊजींच्या मशीनला तेल घालत होती. बुवाने सांगितलं होतं की ते येतील तेव्हा घर चालू दिसलं पाहिजे. आज सकाळी आकडा उणे एक्याण्णव आला होता, सरळ अकरा दिवसांत पोचतील असं तो म्हणाला होता. मीटरने अर्ज पुढे ठेवला. तिने तो शेवटपर्यंत वाचला, जुन्या शाळामास्तरणीसारखा, ओळीखाली बोट धरून.

"ही सही केली म्हणजे मी माझ्या हाताने त्यांना खड्ड्यात ढकललं," ती म्हणाली. "तिथे कुत्री पडतात. तुला तुझा आकडा खरा करायचाय म्हणून माझा माणूस तिथे हवाय का?"

तो काहीतरी म्हणाला. तिने मशीन चालवायला सुरुवात केली. सुईखाली कापड नव्हतं.

रांगेतली उत्तरं

शुक्रवारी तो रांगेच्या टोकापासून टोकापर्यंत गेला आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. तुमचा माणूस कुठल्या दिशेला आहे म्हणाले?

पूर्वेला हो. तिकडे आमचे पाहुणे पण आहेत.

पूर्व.

पूर्व. पण आधी मला वाटायचं दक्षिणेला असेल, तिकडून त्याचं शेवटचं पत्र होतं.

पूर्वेला. तुम्ही पत्रकार का?

मोजावाला म्हातारा म्हणाला, पूर्वेलाच, पण पोरगा समुद्रावर कामाला होता आणि समुद्र पश्चिमेला, तेवढं एक कोडं सुटत नाही.

पूर्व. सगळ्यांचीच पूर्व आहे? मग एकत्रच असतील. बरं झालं, एकमेकांना सोबत.

मीटरने वही मिटली. चौतीस हरवलेली माणसं आणि एक दिशा. कारण शोरूममधून बाहेर पडलं की ज्या रस्त्याने सिग्नल वाढतो तो रस्ता एकच, पाण्याच्या टाकीकडे जाणारा. त्याला वाटलं होतं की एवढं ऐकल्यावर कुणीतरी चपापेल. पण शेजारच्याला तेच उत्तर मिळालं हे पाहून लोकांचा धीर उलट वाढला.

उणे ५१, मग उणे ६३. टाकीखाली.

शनिवारी सकाळी त्याने भाषण केलं नाही. रांगेत जाऊन एकेकाचा फोन हातात घेतला आणि आकडा दिसायची बटणं शिकवली. शटर उघडेपर्यंत साठ-सत्तर फोनांवर तोच आकडा झळकत होता. ताईही आली होती. तिने शिकून घेतलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

बुवा बाहेर आला. मीटरने नम्रपणे विचारलं की कपडा नसताना, बुवा नसताना, ज्याचं त्याचं माणूस वेगवेगळं असताना आकडा सारखाच कसा. बुवा मूर्ख नव्हता. तो म्हणाला, "चला की. पूर्वेलाच चला. होऊन जाऊ दे."

आणि सगळे निघाले. उणे पंचाण्णव. उणे अठ्ठ्याऐंशी. फोन पुढे धरलेली सत्तर माणसं, जणू प्रत्येकाच्या हातात एकेक चहाचा भरलेला कप. रस्त्यावरच्या चहावाल्याने काय चाललंय ते बघून आपल्याही फोनवर बटणं दाबली आणि किटली घेऊनच मागे आला. पुढच्या वळणावर तो जरा मोठ्यानेच म्हणाला, "माझा पण जवळ येतोय. माझं तर कुणी हरवलेलंच नाही."

लोक हसले. त्या सगळ्या दिवसांतलं ते पहिलं हसू. मीटरला वाटलं, सुटलो.

टाकीसमोरच्या चौकात आकडा उणे एक्कावन्न झाला. सगळे थांबले. समोर टाकी, टाकीवर लोखंडी मनोरा, मनोऱ्याला लांबट पांढरे डबे. आजूबाजूला कुणी नाही.

"हा बघा तुमचा माणूस," मीटर म्हणाला. "तुम्हा सगळ्यांचा एकच. आकडा याचा आहे. याच्याजवळ आलं की वाढतो, मध्ये भिंत आली की पडतो, मुठीत धरलं की पडतो. बुवांच्या गळ्यातलं पाकीट उलटं करून बघा."

चहावाल्यानेच ते केलं. पाकिटाच्या आत वेफर्सच्या पिशवीचा चंदेरी कागद शिवलेला होता. फोन त्यात असला की आकडा कोसळायचा, बाहेर काढला की हळूहळू चढायचा. एक बाई मटकन कठड्यावर बसली.

मग मोजावाला म्हातारा, अजून खात्री करायची म्हणून असेल, फोन घेऊन थेट टाकीच्या पायथ्याशी गेला आणि तिथून म्हणाला, "इथे कमी झाला की."

खरंच झाला होता. उणे त्रेसष्ट. सगळे धावले, सगळ्यांचा झाला.

बुवाने आवाज अजिबात चढवला नाही. "पाहिलंत? टॉवरचा आकडा असता, तर टॉवरच्या पायाशी सगळ्यात जास्त नको का? तो तर कमी होतो. म्हणजे लहर टॉवरवरून पुढे जाते, पलीकडे. टॉवर निरोप्या आहे. निरोप्याला धरून माणूस सापडतो का? आणि चंदेरी कागद म्हणाल, तर लहर उडून जाऊ नये म्हणून तो लागतोच. डब्याला झाकण नसतं का?"

मीटरला याचं उत्तर येत होतं, हीच वाईट गोष्ट. बागेत पाइप उंच धरला की पाणी लांब पडतं आणि धरणाऱ्याच्या पायाशी कोरडं राहतं. तसे हे डबे सिग्नल पुढे फेकतात, थेट खाली फारसा पडत नाही. त्याने ते सांगितलं. अगदी बरोबर सांगितलं. हातवारे करून, कोन दाखवून. पण बुवाचं वाक्य छोटं होतं आणि त्याच्या शेवटी मुलगा होता, बहीण होती. मीटरचं वाक्य लांब होतं आणि त्याच्या शेवटी पाइप होता. लोक एकेक करून वळले. कठड्यावर बसलेली बाईसुद्धा उठली. परतताना बुवाने पाकीट पुन्हा गळ्यात घातलं आणि त्याला कुणी अडवलं नाही. चहावाला तेवढा मान हलवत राहिला, मग गिऱ्हाइकं निघाली म्हणून तोही गेला.

ते सगळे जिथे उभे होते, तिथून खाण साडेतीनशे मीटर.

आकडा नाही

ताई मात्र गेली नव्हती. ती टाकीच्या पायरीवर बसून फोनकडे बघत होती, मग फोन उलटा करून ठेवला.

"त्या पाइपाचं मला कळलं," ती म्हणाली. "बुवाचंही कळलं. मी काही खुळी नाही. मला एवढं सांग, तुझा आकडा का चुकला होता?"

इथे मीटरला सूत्र सांगता आलं असतं. त्याने तसं तोंड उघडलंही. मग म्हणाला, "मध्ये काय आहे ते मी जाऊन बघितलं नाही. आकडा मिळाला आणि मला वाटलं, मला कळलं."

"अकरा दिवस?"

"अकरा दिवस. लोक अलीकडे बघू म्हणत होते. मी बघू दिलं नाही."

"मग बुवात आणि तुझ्यात फरक काय?"

"तो कधी सांगणार नाही की चुकलो," मीटर म्हणाला. "बाकी फारसा नाही."

तिने हात पुढे केला. अर्ज त्याच्या खिशातच होता. पायरीवर ठेवून तिने सही केली. व्यक्ती जिवंत असण्याची शक्यता, या ओळीपाशी पेन थोडा वेळ थांबला आणि तसाच पुढे गेला. ती जागा कोरीच राहिली.

सोमवारी थांबवण्याचा हुकूम पोचेपर्यंत पहिला ट्रक रिकामा झाला होता. नशिबाने पलीकडच्या टोकाला. दोर बांधून दोघं उतरले. तासाभरात वर आवाज आला. काठापासून तीन माणसांच्या उंचीइतकं खाली, कपारीच्या आत झुकलेल्या एका टप्प्यावर भाऊजी होते. वरून बघणाऱ्याला तो टप्पा दिसतच नाही. पाय मोडलेला होता. कोट घडी घालून डोक्याखाली घेतलेला होता.

कोटाची घडी. पडताक्षणीच मेलेला माणूस घडी घालत नाही. हे मीटरला कळलं, साहेबाला कळलं, दोर धरणाऱ्यांना कळलं. सगळ्यांनी एकमेकांकडे बघणं टाळलं.

फोन दोन टप्पे खाली पडलेला सापडला. हाताच्या टापूत नाही, पण कानाच्या टापूत. चष्म्याच्या नोंदीत तो एकतीस तास जिवंत होता. ताईने त्या एकतीस तासांत किती वेळा तो लावला, ते तिच्याच फोनात होतं.

डॉक्टरांनी सांगितलं की इतक्या दिवसांनी वेळ काढता येत नाही. काही तास असतील, काही दिवसही असतील.

काही दिवस म्हणजे किती, हे मीटर स्वतःशी मोजू लागला आणि थांबला. त्याची साठ माणसं दोन पूर्णांक तीनच्या कमानीवर फोन बंद पडल्यावर पहिल्याच सकाळी पांगली होती.

बुवाचा धंदा बसला असेल असं कुणाला वाटत असेल, तर तसं झालं नाही. उलट त्याने रांगेपुढे सांगितलं की शेवटी माणूस पूर्वेलाच निघाला ना. आणि ताईला निरोप धाडला. शर्ट घेऊन या, ते नेमके कधी गेले ते लहरीवरून सांगतो. जवळजवळ लगेच गेले, त्रास झाला नाही, असं आत्ताच जाणवतंय. शेजारच्या बायका म्हणाल्या, जाऊन ये की. खरं असो खोटं असो, मनाला बरं वाटेल.

ताईने शर्ट काढला. दोन दिवस तो मशीनवर पडून होता. तिसऱ्या दिवशी मीटर आला तेव्हा तिने सरळ विचारलं.

"फोन वाजत होता तेव्हा त्यांना ऐकू येत होता का रे?"

त्याच्या पुढ्यात दोन्ही उत्तरं होती. एक बुवाचं, गोड. एक त्याचं, सूत्रासकट. टप्प्यांमधलं अंतर, फोनचा आवाज, दगडावरून येणारा प्रतिध्वनी. दोन्ही त्याने गिळली.

"माहीत नाही, ताई."

"कधी कळेल?"

"कधीच नाही."

तिने उठून तो शर्ट बादलीत टाकला, साबण लावला आणि धुवायला घेतला. गळ्याची पट्टी घासताना तिचा हात थांबला नाही. मीटर दारात उभा राहिला. मदत करण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा वाचणाऱ्याला एवढंच सांगायचं आहे. तुमचं माणूस हरवलं आणि कुणी तुम्हाला आकडा दिला, तर तो कशावरून आला ते विचारा. मध्ये काय आहे ते कुणी जाऊन बघितलं का, ते विचारा. सांगणाऱ्याच्या गळ्यात पाकीट असो की कंपनीचं ओळखपत्र, दोघांनाही विचारा. आणि बघायला स्वतः जा, लवकर जा, जवळून सुरुवात करा. याने माणूस सापडेलच असं नाही. सापडला तरी जिवंत सापडेल असं नाही. विचार करणाऱ्याला यापेक्षा जास्तीचा शब्द देता येत नाही, आणि जो जास्तीचा शब्द देतो त्याच्या दारात उभं राहण्यात जे दिवस जातात, ते कुठल्या तरी कपारीत कुणाचे तरी शेवटचे असतात.